खोट्या गजराचे वडे

श्री, भांडण अर्धवट टाकून जायची तुझी सवय नव्हती. गाडीतून उतरतानाही तू शेवटचं वाक्य राखून ठेवायचास आणि पुन्हा ऑफिसला जायच्या दिवशी फलाटावर भेटल्या भेटल्या बरोबर तिथूनच धागा उचलायचास. कशी आहेस नाही, थंडी किती आहे नाही, एकदम ‘आणि म्हणून मी म्हणत होतो’. आज सतरा दिवस झाले. उत्तर द्यायची पाळी माझी होती. मला उत्तर सापडलंय आणि ऐकायला तू नाहीस. याला मी सरळ पळपुटेपणा म्हणते.

इथल्या मराठी मंडळानं तुझ्यावर लिहायला सांगितलंय. दोनशे शब्द, सोबत हसरा फोटो. जन्म नागपूरचा, शिक्षण अमुक, डब्लिनमध्ये इतकी वर्षं, मनमिळाऊ, मागे पत्नी मेधा आणि मुलगी ईरा. मी बसले लिहायला, पण ‘मनमिळाऊ’पाशी अडकले. तू कसला मनमिळाऊ? तू हट्टी होतास, चहात तीन चमचे साखर घालायचास, समोरच्याचं बोलणं संपायच्या आत नकारार्थी मान हलवायला लागायचास, आणि आपल्या बारा वर्षांच्या ओळखीत एकदाही ‘चुकलं माझं’ म्हणाला नाहीस. तेव्हा ते दोनशे शब्द दुसरं कोणीतरी लिहील. मला तुझ्याशीच बोलायचंय.

आधी हे सांगून टाकते की मी कोणाचंही सांत्वन घेतलेलं नाही. पहिल्याच दिवशी कोणीतरी म्हणालं, सुटला, त्रास तरी झाला नाही. कशातून सुटला? तुला कुठे सुटायचं होतं? कोणी म्हणालं, वेळ भरली होती. तुझ्या मावशींनी नागपूरहून फोनवर सांगितलं की देवाले चांगलीच माणसं लागतात. त्यांच्या वयाकडे बघून मी गप्प बसले. डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तरी कदाचित उपयोग झाला नसता. तो ‘कदाचित’ सगळ्यांनी प्रसादासारखा हातावर घेतला. मी नाही घेतला. कदाचित म्हणजे उपयोग झालाही असता. तेवढं मला उघड्या डोळ्यांनी बघायचंय, आणि माझ्या नजरेसमोर कोणी हात धरलेला मला नकोय.

आपली मैत्री झाली ती त्या उपग्रहांमुळे. आपलं काम अगदी साधं. औषधांच्या शीतगृहांत बसवलेली यंत्रं तापमान कळवत राहतात, आपलं सॉफ्टवेअर ते बघतं, आणि काही बिघडलं तर ज्याची पाळी असेल त्याच्या फोनवर गजर वाजतो; खरं वाटलं तर तो बाकीच्यांना गजर देतो. तू नवीन होतास तेव्हा एक यंत्र दुपार झाली की बोंब ठोकायचं. तू दोन दिवस शोधलंस आणि निघालं काय, तर दाराच्या काचेतून ऊन नेमकं त्याच्यावर पडायचं. दुसऱ्या कोणी पडदा लावून विषय संपवला असता. तू ‘उष्णता टिपणारी यंत्रं उन्हाला का फसतात’ हे वाचत बसलास, आणि वाचता वाचता साठ-पासष्ट वर्षांपूर्वीच्या, अमेरिकन उपग्रहांच्या, एके काळी गुप्त असलेल्या अहवालांपर्यंत पोचलास. तिथून परत आलाच नाहीस.

घर ॲडम्सटाउनला, ऑफिस चेरीवूडला; मध्ये एक आगगाडी आणि दोन ट्राम. आठवड्यातून दोन दिवस, जाऊन-येऊन तीन तास. त्या तीन तासांत मी जे शिकले ते मला कोणी विचारणार नाही, पण मी झोपेतही सांगू शकते. शत्रूचा अग्निबाण सुटला की त्याच्या शेपटातली आग वरून, अंतराळातून दिसेल, आणि तो येऊन पडायच्या आत निदान अर्धा तास हाताशी राहील, एवढीच त्या पहिल्या उपग्रहांमागची कल्पना. नाकावर उष्णता टिपणारी दुर्बीण बसवायची आणि ध्रुवांवरून फिरत ठेवायचं. त्यांतले काही कक्षेपर्यंत पोचलेच नाहीत. पोचलेल्यांपैकी काहींची वीज गेली. आणि जे चालले ते भलतंच बघून ओरडायला लागले. उंच ढगांवर ऊन चमकलं की त्यांना वाटायचं, सुटला अग्निबाण.

“आता ऐक,” तू ट्रामच्या दांडीला लोंबकळत म्हणाला होतास, “त्यांनी त्याचं तोंड नाही बांधलं. बलून पाठवले, विमानं पाठवली, ढगांवरचं ऊन मोजून काढलं. तो ओरडला म्हणून तर ढग समजले ना. नाहीतर ढगांकडे कोण पाहून राहिलं होतं?”

मग दुर्बिणीला नेमका तोच प्रकाश बघायला शिकवलं जो हवेतली वाफ गिळून टाकते. म्हणजे खालच्या उन्हाची चमक वरपर्यंत येतच नाही आणि हवेच्या वर चढलेल्या अग्निबाणाची आग तेवढी उठून दिसते. हे तू मला इतक्या कौतुकानं सांगितलंस, जणू घरच्या पोरानं परीक्षेत नंबर काढला होता. त्या मालिकेतल्या एका उपग्रहानं पुढे खरोखरच अग्निबाण उडताना टिपले, हे सांगताना तर तुझा आवाज चढला आणि समोरच्या बाईनं पुस्तकातून मान वर करून बघितलं. मला हसू येत होतं. पन्नाशीला टेकलेला माणूस, हातात डबा, आणि आनंद कशाचा तर एका यंत्राला ढग ओळखता यायला लागले याचा. तेव्हा नाही सांगितलं, आता सांगते: तसा आनंद मी दुसऱ्या कोणाच्या चेहऱ्यावर बघितलेला नाही, आणि त्या तीन तासांसाठी मी ऑफिसला जायचे.

वड्यांचा नियम मात्र माझा. तो मी आणला, मी लिहिला, मीच ऑफिसच्या स्वयंपाकघरातल्या प्रेसवर चिकटवला. इथे कपाटाला प्रेस म्हणतात हे तू पहिल्या आठवड्यात शिकलास आणि मग नागपूरला फोनवरही तेच म्हणायला लागलास. नियम असा की जो विनाकारण गजर देऊन बाकीच्यांना पळवेल त्यानं पुढच्या वेळी सगळ्यांसाठी बटाटेवडे आणायचे. ज्याला येत नसतील त्याला मी शिकवीन. आपला टीम लीड डेक्लन वड्यांवर इतका खूश की कोणी जरा चुकलं की लगेच ‘युअर मॅन वडे कधी आणतोय?’ सुरू; युअर मॅन म्हणजे इथल्या बोलीत ‘हा पठ्ठ्या’. मजा यायची, नाही म्हणू नकोस. तूही खायचास.

वर्षभरात खोटे गजर निम्म्यावर आले. मी मीटिंगमध्ये तो आलेख दाखवला, डेक्लननं टाळ्या वाजवल्या, आणि तू परतीच्या ट्राममध्ये खिडकीबाहेर बघत विचारलंस, “अनघा, खोटे कमी झाले, का नुसते गजर कमी झाले? कसं ओळखशील?”

मी म्हटलं, तुला माझं चांगलं झालेलं बघवत नाही. पण मला उत्तर येत नव्हतं आणि ते तुला कळलं होतं.

मग मी माझं हुकमी पान काढायचे. तो रशियन अधिकारी. उपग्रहांनी सांगितलं की अग्निबाण सुटले आहेत, आणि यानं वरच्यांना कळवलं की हा खोटा गजर आहे. तेव्हाही ढगांवरचं ऊनच निघालं आणि जग वाचलं. ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. मी म्हणायचे, बघ, हीरो कोण? जो ओरडला नाही तो. तू चिडायचास. ही एकच गोष्ट लोकांना ठाऊक असते याचाच तुला राग होता. तू म्हणायचास की त्या माणसाला शंका घ्यायची संधी मिळाली, कारण उपग्रह ओरडला. ओरडणं एकाचं काम, शंका घेणं दुसऱ्याचं. तू दोन्ही कामं एकालाच देऊन राहिली आहेस. ज्याला दिसलं त्यानंच आधी शंका घ्यायची आणि मग लाजत लाजत बोलायचं. असा उपग्रह एक दिवस मुका होईल. मी म्हणायचे, श्री, वडे आहेत, अणुबॉम्ब नाहीत.

मार्चमध्ये, पाडव्याच्या आधीच्या शनिवारी, तुझ्या छातीत दुखायला लागलं. मेधा तेव्हा घरी होती. तू स्वतः फोन करून ॲम्ब्युलन्स बोलावलीस, दिवसभर तपासण्या झाल्या, हृदय ठणठणीत निघालं. ॲसिडिटी. संध्याकाळी तू दार उघडून आत येतोस तोवर तुमच्या घरी वाट बघत बसलेल्या माझ्या जिवात जीव नव्हता. आणि त्या भीतीचं मी काय केलं? आठ दिवसांनी मंडळाच्या पाडव्याच्या कार्यक्रमात हॉलमधल्या सगळ्या माणसांसमोर माईक हातात घेतला आणि जाहीर केलं की श्रीनिवासरावांनी आयर्लंडच्या आरोग्यसेवेला खोटा गजर दिल्याबद्दल त्यांच्याकडे वडे लागू झाले आहेत. हॉल नुसता खदखदला. मेधाच्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत ती हसली. तूही उठून हात जोडलेस. मला वाटलं, भीती उडवून लावायची ही फार छान रीत आहे.

पुढच्या रविवारी तू स्टीलचा मोठा डबा घेऊन माझ्या घरी आलास. वडे तूच तळले होतेस, तिखट नेहमीसारखं जास्त. बाकीची मंडळी बाहेरच्या खोलीत होती. ओट्यावर डबा ठेवता ठेवता तू हळूच म्हणालास, “हे शेवटचे. ऑफिसात काय करायचं ते कर. पण हा नियम माणसाला नको लावू. माणूस म्हणजे शीतगृह नाही.”

तुझा आवाज नेहमीच्या वादातला नव्हता, हे मला तेव्हाही कळलं होतं. तरी मी म्हटलं, रडू नकोस, चटणी कुठाय? चटणी दुसऱ्या पिशवीत होती. तू ती काढून दिलीस. विषय तिथे संपला आणि पुन्हा कधी निघाला नाही.

आता तो गुरुवार. मेधा देशाच्या दुसऱ्या टोकाला, रिंगास्किडीला होती; तिथल्या औषधांच्या कारखान्यात ती सोमवार ते गुरुवार असते, हे मला माहीत होतं. ईरा शाळेत गेली होती. आपण दोघंही घरून काम करत होतो, मध्ये फक्त दोन गल्ल्या. नऊ वाजायला आले असताना तुझा मेसेज आला. ‘छाती जरा जड होऊन राहिली. पण आज वडे तळायची ताकद नाही.’

मी काय लिहिलं ते तुला माहीत आहे. तरी इथे लिहिते, कारण हे लपवून मला तुझ्यावर काहीच लिहायचं नाही. मी लिहिलं, ‘तू तेल तापवायला घे, मी चटणी घेऊन येते.’ पुढे हसरा चेहरा. तूही हसरा चेहरा पाठवलास.

दहाच्या मीटिंगला तू नव्हतास. डेक्लन म्हणाला, वायफाय गेलं असेल. साडेदहापर्यंत फोन नाही, म्हणून मी तुमची माझ्याकडची किल्ली घेऊन निघाले, आणि खरं सांगते, निघताना मी चिडलेली होते. तू जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसला होतास, भिंतीला टेकून. अंगात जॅकेट, एका बुटाची नाडी बांधलेली, दुसऱ्याची राहिलेली. ओट्यावर ॲसिडिटीच्या गोळीचं पाकीट. तू ॲम्ब्युलन्स बोलावली नव्हतीस. तू चालत डॉक्टरकडे निघाला होतास, दहा मिनिटांच्या वाटेवर, म्हणजे काही नसलंच तर कोणाला पत्ता लागायला नको.

मग तो फोन मी केला. पलीकडची बाई आकडे मोजत होती आणि मी तुझ्या छातीवर दाबत होते. ती माणसं येईपर्यंत मी थांबले नाही. तुझ्या बरगड्यांना लागलं असेल. त्याबद्दल मी माफी मागत नाही.

बाकी सगळं इथल्या रीतीनं नीट पार पडलं. शेजारच्या नोरीनबाई पहिल्याच दिवशी सँडविचचा थाळा घेऊन आल्या, मेधाचा हात हातात धरून तीन शब्द बोलल्या आणि थाळा परत न्यायची घाई नाही म्हणून निघून गेल्या. स्मशानात गल्लीतली माणसं रांगेनं आली, प्रत्येकानं हात मिळवला. डेक्लन माझ्यापाशी थांबला आणि माझा हात सोडायलाच विसरला. रांग संपेपर्यंत ईरा ताठ उभी होती. चौदा वर्षांची पोर, तुम्ही मराठीत बोलायचं आणि तिनं आयरिश हेल काढून इंग्रजीत उत्तर द्यायचं, असं तुमचं घरातलं ठरलेलं. त्या दिवशी ती कुठल्याच भाषेत बोलली नाही.

आणि मी पोटात तो मेसेज घेऊन बारा दिवस फिरले. तुझा फोन मेधाकडे होता, पण त्याचं कुलूप तिला उघडत नव्हतं. मी ठरवलं असतं तर तो मेसेज कधीच कोणाला दिसला नसता. श्री, मी ते ठरवूनही बघितलं. दोन दिवस मी अशी बाई होते जिनं तसं ठरवलंय. पण मग मीच तुझा तो मुका उपग्रह झाले असते. एवढं तुला जिंकू देणं मला परवडणार नव्हतं.

तेराव्याच्या आदल्या दिवशी मी तुमच्या स्वयंपाकघरात उभी राहिले आणि मेधापुढे माझा फोन धरला. तिनं वाचलं. पुन्हा वाचलं. फोन ओट्यावर पालथा ठेवला. मला वाटलं ती ओरडेल, आणि मला तेच हवं होतं.

“पाडव्याला सगळ्यांत मोठ्यानं मी हसले होते,” ती म्हणाली. मग म्हणाली, “आता तू जा, अनघा.”

मी गेले. तेराव्याला आले तेव्हा तिनं माझं पान वाढलं, पण वर बघितलं नाही. निघताना मात्र दारात येऊन तुझी निळी फाइल माझ्या हातात दिली, त्या अहवालांच्या प्रतींची, आणि दार लावून घेतलं.

ती फाइल मी आगगाडीत उघडली, आपल्या बाकावर. समासात सगळीकडे तुझं पेन्सिलीचं अक्षर. एका पानावर कोणा वरिष्ठ मंडळींचं मत होतं, की हे उपग्रह इतके फसतात, इतकं भलतंसलतं बघतात, तर हा उद्योग बंदच केलेला बरा. त्याच्यापुढे तू लिहून ठेवलंयस, ‘हे आपल्या अनघाचे पूर्वज.’ मी इतक्या जोरात हसले की समोरचा माणूस दचकला. आणि मग रडू आलं, ते थेट शेवटच्या स्टेशनापर्यंत. तू जिवंत असतास तर त्या पानावरून मी तुझ्याशी महिनाभर बोलले नसते.

काल, शनिवारी सकाळी, मेधाचा फोन आला. तेराव्यानंतरचा पहिला. ईराच्या छातीत दुखत होतं, श्वास पुरत नव्हता, हाताला मुंग्या येत होत्या. “ॲम्ब्युलन्स बोलावू का?” तिनं विचारलं, आणि लगेच, “काही निघालं नाही तर गं?”

तिला हे विचारायला मी शिकवलं होतं, श्री. तुझ्या बायकोला, तुझ्या घरात, तुझ्यानंतरही. मी म्हटलं, मेधा, आधी फोन लाव, मग विचार कर. मी निघाले.

मी पोचले तेव्हा ॲम्ब्युलन्स यायची होती. ईरा सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन बसली होती, पांढरीफटक. मला बघून म्हणाली, “व्हॉट इफ इट्स नथिंग? दे’ल बी रेजिंग.” ते चिडतील याची काळजी. चौदा वर्षांच्या पोरीला, बाप जाऊन सोळा दिवस झालेले असताना, छातीत दुखत असताना, काळजी कशाची तर ती माणसं चिडतील याची. मला इतका संताप आला की माझी भीती पळाली. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि म्हटलं, “काही नसलं तर वडे मी तळणार. तू नाही, मी. तू फक्त जे होतंय ते सांगायचं.”

ती माणसं आली. त्यांच्यातल्या बाईनं ईराच्या छातीला तारा लावल्या, कागदावरची रेघ बघितली, पुन्हा बघितली, शांतपणे दहा प्रश्न विचारले. हृदय ग्रँड, म्हणजे इथल्या बोलीत ठणठणीत. सगळं ग्रँड. भीतीनं असं होतं म्हणाली, विशेषतः घरात असं काही घडल्यावर, आणि ईराला तिच्यासोबत श्वास मोजायला लावला. मेधा तीनदा सॉरी म्हणाली. चौथ्यांदा म्हणायच्या आत मी तिचा दंड धरला. जरा जोरातच धरला असेन. ती थांबली.

ॲम्ब्युलन्स गेल्यावर मी कोणाला न विचारता तुमच्या स्वयंपाकघरात शिरले. प्रेस उघडलं, बेसन शोधलं, तुझी ती जड कढई काढली. बटाटे कुकरला लावले आणि कढईत तेल ओतून ठेवलं. मेधा बराच वेळ दारात उभी होती. मग आत आली, माझ्या शेजारी उभी राहून बटाटे सोलायला लागली. सारण कालवायला घेतलं तेव्हा ती खालीच बघत म्हणाली, “तो मिरच्या जास्त घालायचा.” मी घातल्या. तिनं अजून दोन चिरून दिल्या.

तिनं मला माफ केलंय असं मी म्हणणार नाही. तिनं मिरच्या चिरून दिल्या, एवढंच झालं. मी माफी मागितलेलीही नाही, तिची नाही आणि तुझीही नाही. मागितली की ती मिळेल, आणि मिळाली की मी विसरेन. मला विसरायचं नाहीये.

पहिला वडा ईराला दिला. तिनं तो दोन हातांत झेलत खाल्ला, डोळ्यांत पाणी आलं, मिरचीचं असेल. आणि भरल्या तोंडानं, चक्क मराठीत विचारलं, “परत दुखलं तर?”

“परत फोन.”

“आणि परत काही नसलं?”

“परत वडे,” मेधा म्हणाली. माझ्या आधी म्हणाली.

एक ताटली नोरीनबाईंकडेही गेली, त्यांचा तो सँडविचचा थाळा परत करायचा राहिलाच होता.

उद्या सोमवार. ऑफिसच्या प्रेसवरचा तो कागद मी फाडणार आहे आणि नवा लावणार आहे: जो खोटा गजर देईल त्याला बाकीच्यांनी वडे करून घालायचे. डेक्लन म्हणेल, मग लोक वड्यांसाठी मुद्दाम गजर वाजवतील. वाजवू देत. मीटिंगमध्ये मी माझा तो आलेखही पुन्हा लावणार आहे, आणि ट्राममध्ये तू विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यांसमोर देणार आहे. खोटे कमी झाले नव्हते, श्री. नुसते गजर कमी झाले होते. त्यांतला एक तुझा होता. यापुढे मात्र वाजतील, खोटे तर खोटे, आणि तेल मी तापवीन.